मास्तरीणबाईंचे तायडे

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता सुखदेव तायडे प्राणिसंग्रहालयातल्या नव्या अस्वल-आवारात शिरले आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत बाहेर आले नाहीत. सोमवारी संग्रहालय बंद असतं. आवारात त्या वेळी अस्वल नव्हतं. ते अजून जुन्या पिंजऱ्यात होतं. तायडे अस्वलाच्या वतीने राहायला गेले होते. आठ तासांतला बहुतेक वेळ त्यांनी चार पायांवर काढला, म्हणजे दोन हातांवर आणि दोन गुडघ्यांवर. कुंपणाला जाळी लावणाऱ्या मजुरांनी आधी काम थांबवून पाहिलं. दुपारी त्यांच्यातल्या एकाने भाकरी पुढे केली. ती तायडेंनी उभं राहून, हाताने घेतली. दिवसभरातला तेवढाच अपवाद.

संध्याकाळी त्यांनी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे आपला अहवाल लिहिला. तो असा:

"दोन वाजता सावली फक्त दारापाशी. पाण्याचा काठ उंच, हनुवटी घासते. मोठा दगड सिमेंटचा, पोट भाजते. लपाले जागा नाई. चार वाजता झोप लागली, हे चांगलं."

आवाराचा आराखडा पुण्याहून आलेल्या एका तरुण वास्तुरचनाकाराने केला होता. त्याने तो कागद दोनदा वाचला. पुढच्या आठवड्यात पाण्याचा काठ वीतभर खाली आला, दगडाशेजारी बांबूची दोन बेटं लागली आणि मागच्या टेकाडावर माणसापेक्षा उंच गवत लावलं गेलं.

तायडे संग्रहालयात अस्वल सांभाळायचे. बडनेऱ्याला ते माझ्यापासून तिसऱ्या घरात राहतात. मी अमरावतीच्या एका दैनिकात शहराच्या बातम्या करतो. प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाची बातमी माझ्याकडे होती, त्यामुळे दीड वर्ष मी त्यांना घरी आणि कामावर, दोन्हीकडे पाहिलं. माणूस एकच होता.

माणसांना ते सरसकट अरे-तुरे करतात. मोठ्या साहेबांनाही. जनावरांना मात्र 'तुमी'. मगरीलाही 'तुमी'. याचं कारण मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "माणूस नाराज झाला तं बोलून दाखवते. याईले तोंड हाय, पन तक्रार नाई. मंग आपनच आदबीनं राहाव ना बाप्पा." कोणतीही नवी गोष्ट कळली की ते "असं हाय का" म्हणतात. प्रश्न म्हणून नाही. दार लावून घ्यावं तसं.

त्यांचं अस्वल मादी आहे, वय बावीस. मेळघाटच्या कडेला हरभऱ्याच्या शेतात आईविना सापडलेलं पिल्लू संग्रहालयात आलं, तेव्हा तायडे पस्तिशीत होते. बाटलीने दूध त्यांनी पाजलं. नोंदवहीत तिचा क्रमांक आहे, नाव नाही. तायडे तिला मास्तरीणबाई म्हणतात. जुना पिंजरा सिमेंटचा, आणि त्यात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अस्वलाची नऊ पावलं होत. ती मान खाली घालून नऊ पावलं जायची, वळायची, नऊ पावलं यायची. दहावीच्या परीक्षेत वर्गात पर्यवेक्षक फिरतात तशी. नाव त्यावरून पडलं.

रोज साडेपाचला प्रेक्षक बाहेर गेले की तायडे पिंजऱ्यासमोर बादली पालथी घालून बसत, डोळे मिटत आणि म्हणत, "चला, निघू." मग ते तिला जंगल सांगत.

"हे सालईचं झाड. इथून खाली उतरलं का नाला. पानी कमी हाय, पन दगड ओले हाय. सांभाळून." नाल्यापलीकडे मोहाची झाडं, मग चढण, मग मधाची पोळी असलेला कडा. जिथे थांबत तिथून दुसऱ्या दिवशी पुढे. बावीस वर्षांत ते बरंच लांब गेले होते. स्वतः तायडे मेळघाटात एकदाच गेलेत, एका लग्नाला, टेम्पोत बसून. आणि जाता-येता दोन्ही वेळा झोप लागल्याचं ते मान्य करतात. त्यामुळे जंगल त्यांचं स्वतःचं होतं. त्यात सीताफळं होती, कमळं होती, आणि एकदा बर्फ पडला. सातपुड्यात बर्फ पडत नाही, असं मी म्हणालो. "त्या दिवशी आमी लय वर गेलो होतो," ते म्हणाले.

एका संध्याकाळी मी शेजारी बसलो. तळ्यावरून वारा येत होता. सावरीचा कापूस गजांतून आत जाऊन मास्तरीणबाईंच्या पाठीवर बसत होता आणि उन्हाचे लांब पट्टे फरशीवर सरकत होते. तिची पावलं हळू झाली होती. माझ्या वहीत पाच चाळीसची नोंद आहे: "नाला ओलांडला." पुढची नोंद सहा वाजून पाच मिनिटांची आहे. मधल्या पंचवीस मिनिटांची नोंद नाही.

नव्या योजनेत पिंजरे जाणार होते. परदेशी पक्षी दुसरीकडे गेले. इथे राहायचं ते याच मुलखातल्या, जखमी किंवा अनाथ होऊन आलेल्या आणि पुन्हा जंगलात सोडता न येणाऱ्या प्राण्यांनी. त्यांना माती, झाडं, पाणी, आणि नको तेव्हा माणसाच्या नजरेआड होण्याची सोय मिळणार होती. शेवटचा मुद्दा लोकांना पटला नाही. चांदूर रेल्वेहून सहकुटुंब आलेल्या एका गृहस्थाने हरणांच्या गवतासमोर अर्धा तास उभं राहून, आम्ही काय झाडं पाहायला आलो का, असं तायडेंना विचारलं. तायडेंनी त्याला विचारलं, "तुह्या घरी पाव्हने आले तं तू न्हानीतून बाहेर येऊन दर्शन देत का?" त्याची बायको हसली.

तायडेंचा स्वतःचा आक्षेप वेगळा होता. आराखड्यात सिमेंटचं वारूळ होतं. त्याला भोकं होती, भोकांत मध भरायचा होता. तायडेंनी ते पाहिलं आणि पुण्याच्या वास्तुरचनाकाराला विचारलं की अस्वलाला खायला उधई, म्हणजे वाळवी, कुठे आहे. ती नंतर येईल, असं तो म्हणाला. वाळवी नंतर येत नाही, आधी येते, असं तायडेंचं मत. त्यांनी कार्यालयाला रीतसर अर्ज केला: "अस्वलासाठी उधई, जिवंत, एक वारूळ, मिळणेबाबत." अर्ज आठ दिवसांनी परत आला. त्यावर कोणीतरी शेरा मारला होता, "सदर बाब अभिलेख कक्षात मुबलक उपलब्ध आहे."

शेरा मारणाऱ्याने तो विनोदाने मारला होता. तायडेंनी तो आदेश म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी ते आणि हरणांकडचे रहीमभाई हातगाडी घेऊन अभिलेख कक्षात गेले आणि जुन्या हजेरीपटांची दोन लाकडी कपाटं, आतल्या वाळवीसह, आवारातल्या मागच्या टेकाडावर नेऊन आडवी केली. खुलासा मागवण्यात आला. तायडेंनी एका ओळीत दिला: "शेऱ्याप्रमाणे कारवाई केली." कपाटं परत आणायला माणसं गेली तोवर वाळवी जमिनीत उतरली होती. कपाटं तिथेच राहिली. तायडेंच्या स्वतःच्या नोकरीची पहिली काही वर्षं त्यात आहेत.

मार्चमधल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी सात वीसला नव्या निवाऱ्याचं दार आवाराकडे उघडलं. अस्वल बाहेर आलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी आठ वाजून पाच मिनिटांनी ती उंबऱ्यावर आली, पुढचा पाय मातीवर ठेवला आणि लगेच उचलला. पंजा नाकाशी नेला. पुन्हा ठेवला. पुन्हा उचलला. बावीस वर्षांत तिच्या पायाखाली फरशीच होती. आत, लोखंडी जाळीमागे तायडे उभे होते. "मातीच हाय बाई," ते म्हणाले. "मातीच."

ती पूर्ण बाहेर आली. दारासमोर नऊ पावलं चालली. वळली. नऊ पावलं परत आली.

समोर पाऊण एकर जागा होती. गवत होतं, पाणी होतं, बांबू सळसळत होता, पळस पेटला होता. मास्तरीणबाई दारासमोर नऊ पावलं चालत राहिली. एप्रिलच्या मध्यापर्यंत तिथल्या गवतात एक सरळ, उघडी पायवाट पडली. दोन्ही टोकांना वळण्याचा गोल होता.

संग्रहालयाच्या पशुवैद्य डॉ. मृणाल इंगळे अकोल्याच्या. वय एकतीस. त्या तायडेंना काका म्हणतात. तायडे त्यांना 'डॉक्टर पोरी' म्हणतात, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. त्यांनी एप्रिलच्या शेवटी तायडेंना बसवून परिस्थिती सांगितली. जूनमध्ये पाहणी समिती येणार होती. प्राणी नव्या जागेत रुळलेला दिसला नाही तर त्याला परराज्यातल्या एका बचाव केंद्रात हलवायचं, असा प्रस्ताव तयार होता. जुना पिंजरा तोपर्यंत पाडला जाणार होता, त्यामुळे तिथे परतायची वाट नव्हती. केंद्र चांगलं होतं. पण पोचायला तीन दिवस लागणार होते, लाकडी खोक्यात, वऱ्हाडच्या उन्हाळ्याच्या शेवटी. बावीस वर्षांचं अस्वल एवढा प्रवास सोसेल, असं लिहून द्यायला डॉक्टर तयार नव्हत्या.

"असं हाय का," तायडे म्हणाले.

त्या दिवसापासून ते दारापासून हलेनात. मोहाची फुलं आणून त्यांनी गवतात विखुरली, बांबूच्या पेरात मध भरला, कलिंगड बर्फात गोठवून पाण्यात सोडलं. आणि मग जाळीमागे बादलीवर बसून राहिले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. साप्ताहिक सुटी ते कधीच घेत नसत. मागे आपलं माणूस आहे हे कळलं तर तिला पुढे जायला धीर येईल, असा त्यांचा हिशेब होता. साडेपाचला ते जंगल सांगत. नव्या नियमाप्रमाणे प्राण्यांशी बोलायचं नव्हतं. डॉक्टरांनी त्यातून दहा मिनिटांची सूट दिली होती. पण आता ते सालईपासूनचं ते जुनं जंगल सांगत नव्हते, समोर दिसणारंच सांगत होते: हे गवत, हा बांबू, हे पानी, इथून टेकाड. मास्तरीणबाई दाराजवळ उभी राहून ऐकायची आणि संपलं की नऊ पावलं चालायची.

मेमध्ये तायडेंची मुलगी सुनीता हिच्या बाळाचं नाव ठेवायचं होतं. ती अकोटला असते. आई गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, ती वडिलांना चार दिवस राहायला बोलावत होती आणि ते एका रात्रीवर कधी थांबले नव्हते. कारण ठरलेलं होतं. अस्वल दुसऱ्याच्या हातचं खात नाही. या वेळी सुनीताने फोनवर सांगितलं, "बाबा, तुमी नाई आले तं पोरीचं नाव मी मास्तरीण ठेवतो." तायडे एस.टी.ने गेले. दोन दिवस राहिले.

इथे एक गोष्ट सांगणं आवश्यक आहे. ती मला रहीमभाईंनी सांगितली, त्याच दोन दिवसांत, हरणांना चारा टाकताना. तायडे नसले की अस्वल जेवतं. व्यवस्थित जेवतं. पहिल्यापासून जेवतं. अकरा वर्षांत तायडे जेव्हा जेव्हा एक रात्र बाहेर राहिले, तेव्हा तेव्हा रहीमभाईंनी तिला खायला घातलं, तिने ते संपवलं आणि दुसऱ्या दिवशी रहीमभाईंनी तायडेंना सांगितलं की तिने तोंड लावलं नाही.

खोटं कशासाठी, असं मी विचारलं.

"बायको गेल्यावर त्याच्या घरी होतं कोन?" रहीमभाई म्हणाले. "आमी सांगतलं असतं का अस्वल तुह्याबिगर बी जेवते, तं थो सकाळी उठला असता कायच्यासाठी?"

पण आता एक नवी गोष्ट झाली होती. एप्रिलपासून डॉ. इंगळेंनी नोंदवही सुरू केली होती. दर तासाला अस्वल कुठे आहे, काय करतंय, किती खाल्लं, हे त्यात लिहिलं जाई. रहीमभाईंना हे माहीत होतं. तायडे ती वही वाचतील, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, कारण बावीस वर्षांत तायडेंनी अस्वलाबद्दल कुणाचं काही वाचलं नव्हतं.

तायडे अकोटहून परतले त्या सकाळी मी डॉक्टरांच्या खोलीत होतो. ते आले, पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि दोन दिवस उपाशी राहिल्या का, असं विचारलं. डॉक्टरांनी नोंदींची वही पुढे सरकवली.

तायडे ओळीवर बोट ठेवून वाचतात. पहिला दिवस. सकाळचं खाणं: पूर्ण. संध्याकाळचं: पूर्ण. नऊ वाजता: दारापाशी. अकरा वाजता: गवतात. बारा ते दोन: पाण्यात. चार वाजता: मागचं टेकाड, कपाटापाशी, वाळवी ओढण्याचा आवाज. दुसरा दिवस जवळपास तसाच. मग त्यांनी पानं मागे उलटली. एप्रिलमध्ये एक दिवस त्यांना ताप होता. त्या पानावर बोट बराच वेळ थांबलं. बाकीची पानं एकसारखी होती. दारापाशी. दारापाशी. दारापाशी.

बाहेर फवारे सुरू होते. खिडकीतून त्यांचं पाणी धुक्यासारखं दिसत होतं आणि त्यामागे आवारातली झाडं असल्या-नसल्यासारखी.

"म्हंजे मी ड्युटीवर असलो का त्या बी ड्युटीवर रायतात," तायडे म्हणाले.

डॉक्टर म्हणाल्या की अस्वलाची नजर अधू असते, पण नाक फार तेज. काका फाटकातून आत आले की तिला कळतं. मग ती दार सोडत नाही. हे एप्रिलमधल्या तापाच्या दिवशीच त्यांच्या लक्षात आलं होतं, पण एका दिवसावरून बोलणं बरोबर नव्हतं. आता तीन दिवस झाले.

"माह्या अंगाचा वास किती दिवस टिकते?"

"नक्की नाही सांगता येत, काका. दाराला, कडीला... आठ-दहा दिवस तरी."

तायडेंनी टेबलावरचा कोरा कागद घेतला आणि उभ्याउभ्याच वीस दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. कारणापुढे लिहिलं, "घरगुती". मग निवाऱ्यात जाऊन दार, कडी आणि जाळी साबणाच्या पाण्याने दोनदा धुतली. मास्तरीणबाई बाहेरच्या बाजूला उभी होती. ते तिच्याशी काही बोलले नाहीत. निघताना बादली बरोबर घेतली. रहीमभाई वाटेत भेटले. तायडेंनी त्यांना थांबवलं आणि विचारलं, "अकरा वर्षं?" रहीमभाईंनी मान हलवली. "भैताड," तायडे म्हणाले आणि त्यांच्या हातात पेढा ठेवला.

ते वीस दिवस ते अकोटला होते आणि त्यांनी संग्रहालयात एकदाही फोन केला नाही. मला रोज केला, साडेपाचच्या सुमारास. अस्वलाबद्दल एक शब्द नाही. अमरावतीला ऊन किती, आणि वारा कोणत्या बाजूचा, एवढंच विचारायचे. एकदा फोन सुनीताने घेतला. म्हणाली, "भाऊ, बाबा पोरीले जंगल सांगून राह्यले. नाल्यापर्यंत थे झोपून जाते. हे आपले एकटेच पुढं जाऊन राह्यले."

जूनच्या पहिल्या आठवड्यात समिती आली. तीन सदस्य होते. ते अस्वल-आवारासमोरच्या मचाणावर पन्नास मिनिटं बसले. मीही होतो. आकाश भरून आलेलं होतं, ऊन नव्हतं आणि सावलीही नव्हती. गवताची टोकं एका बाजूला कलत आणि परत येत होती. अस्वल दिसलं नाही. दारासमोरच्या पायवाटेवर बारीक हिरवं काहीतरी उगवलं होतं. चाळिसाव्या मिनिटाला टेकाडामागून आवाज आला, किक मारूनही सुरू न होणाऱ्या स्कूटरसारखा. अस्वल वारुळातून वाळवी ओढतं तेव्हा तसा आवाज येतो, असं डॉ. इंगळेंनी सदस्यांना सांगितलं. अहवालात या प्राण्यापुढे दोनच वाक्यं आहेत: "प्राणी दिसला नाही. समाधानकारक." स्थलांतराचा प्रस्ताव रद्द झाला. जुना पिंजरा त्याच महिन्यात पाडला.

बातमी मी संध्याकाळी फोनवर तायडेंना वाचून दाखवली. "असं हाय का," ते म्हणाले. पलीकडून बाळाचा आवाज येत होता.

रजा संपल्यावर तायडे संग्रहालयाच्या मागच्या फाटकाने आत आले आणि आहारगृहात बदली मागणारा अर्ज दिला. तिथे सगळ्या प्राण्यांचं खाणं तयार होतं. अस्वल-आवारापासून ते दुसऱ्या टोकाला आहे, आणि वाराही तिकडून आवाराकडे येत नाही. अर्ज मंजूर झाला. निवृत्तीला तेव्हा तेरा महिने बाकी होते.

जुलैपासून ते तिथे आहेत. मास्तरीणबाईची पाटी सकाळी सात वाजता भरते: पपई, कलिंगड, उकडलेलं अंडं, मध लावलेली भाकरी. पाटी रहीमभाई घेऊन जातात. आहारगृहात चौघे काम करतात. बाकी तिघे उघड्या हातांनी फळं चिरतात. तायडे हरणांचा चारा आणि माकडांची केळी उघड्या हातांनी करतात. अस्वलाच्या पाटीला हात लावण्याआधी ते साबणाने कोपरापर्यंत हात धुतात आणि रबरी मोजे चढवतात.